आवाज नंतर भरतात

३ फेब्रुवारी

लाडक्या भोंगीला आत्याचा एक धपाटा, आणि मग पापा.

तुझी फिल्मवाली वरात एकदाची येऊन पडली. "राहायला शाळा, जेवायला माझी आत्या," असं तूच त्यांना सांगितलंस म्हणे. शाबास गं बाई! माझ्या शिलाई मशीनवर सध्या कपडे कमी आणि बंदुका जास्त. लाकडाच्या आहेत, घाबरू नकोस. एकीची नळी निखळली होती, ती मी रिळातल्या दोऱ्याने बांधून दिली.

हिंदी सिनेमा आहे, मारामारीचा. गावातला एक धनदांडगा गरिबाचं घर जाळतो, गरिबाचा मुलगा शहरातून येऊन सगळ्यांना लोळवतो आणि शेवटी पंचांसमोर न्याय होतो. एवढी गोष्ट मला धावपळ्याने सांगितली. धावपळ्या म्हणजे त्यांचा तो सगळी कामं एकटा करणारा माणूस, नाव मीच ठेवलंय. पण ही मंडळी गोष्ट शेपटाकडून सुरू करतात! सोमवारी व्हिलन मेला. चांगला तीनदा मेला, कारण दोनदा त्याला शिंक आली. मंगळवारी सकाळी तोच माझ्या दारात, "काकी, जरा बटन टाँक दोगी?" बुधवारी त्याने घर जाळायची धमकी दिली. मी म्हटलं, अरे तुला परवाच मारला ना? कुणी हसलंसुद्धा नाही. मी डोक्याला हात लावून बसले.

आणि आता ऐक. मी हिरोची आई आहे! जी बाई ती करणार होती, तिने शाळेतली झोपायची खोली बघितली आणि आल्या गाडीने परत गेली. मग टोपीवाल्या दिग्दर्शकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इनका चेहरा रोया हुआ है." मेल्याला विचारणार होते की आज सकाळपासून मी हसतेच आहे, तुला रडणं कुठे दिसलं? गुरुवारी कळलं, व्हिलनलाही आई लागते. तीही मीच, फक्त चष्मा लावून. मी विचारलं, मी नक्की कोणाची आई? तर म्हणाले, "माजी, दोनों की."

माझं हिंदी ऐकून टोपीवाल्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, मराठीत बोला, काहीही बोला, आवाज नंतर भरतात. हे खरं आहे का गं? म्हणजे इथे बोललेलं सगळं फुकट?

दादाला सांग, बहीण सिनेमात रडणार आहे, बघायला ये. बत्तीस वर्षांत घरात पाऊल ठेवलं नाही. अण्णा गेले तेव्हा आला, तोही फाटकातून परत गेला. आत्याने बोलावलंय एवढंच म्हण, जास्त ताणू नकोस.

तुझी,
दोन मुलांची आई झालेली आत्या

१४ फेब्रुवारी

आत्या,

धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळते आहे.

हो, खरं आहे. अशा फिल्मांत आवाजवाल्या माणसाला बरोबर नेतच नाहीत. समोरची बाई "एक, दोन, तीन, चार" म्हणते आणि मी इथे त्यात "बेटा, मत जा" बसवते. कपाटाएवढी खोली, भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, कारण तोही आवाज करतो. समोर पडदा. तिचे ओठ मिटले की माझे मिटले पाहिजेत, तिचे उघडले की माझे. बारा वर्षांत पन्नासेक आया झाल्या, दोन भुतं झाली आणि एक म्हैसही झाली. लहानपणी फोनवर माझा आवाज ऐकून तू मला भोंगी म्हणायचीस, त्याचंच मी खाते आहे. म्हाताऱ्या आया इथे माझ्याच वाट्याला येतात, त्यामुळे तुझा आवाज मीच होणार. काय बोलायचं ते बोल, काळजी करू नकोस.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. व्हिलनच्या बटणाला ते पोट धरून हसले. घर जाळायची गोष्ट आली तसे उठले, स्वयंपाकघरात गेले आणि गॅसचं बटण तीनदा तपासून आले. मग म्हणाले, "मला कुठे वेळ आहे? आठव्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे ही एक सबब कायम तयार असते.

आत्या, मला एवढंच माहीत आहे. बाबा एकोणीस वर्षांचे असताना आजोबांच्या लाकडाच्या वखारीमागे त्यांनी सिगरेट ओढली, ती नीट विझली नाही, वखार जळून गेली. आजोबा म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बाबा निघून आले. पण अजून कधीतरी जेवताना मध्येच म्हणतात, "मी ती नळाखाली धरून विझवली होती असं मला वाटतं गं. पण नुसतं वाटून काय उपयोग?" तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस, घरातच होतीस. त्यांचीच सिगरेट होती हे नक्की कसं ठरलं? इतक्या वर्षांनी विचारते, रागावू नकोस.

तुझी भोंगी

५ मार्च

भोंगे,

उत्तराला उशीर झाला. गुडघा धरला होता.

आगीचा प्रसंग झाला एकदाचा. शेतात बांबूचं खोटं घर उभं केलं होतं. नुसत्या गवताने धूर काळा येईना, म्हणून धावपळ्याने कुठून तरी पोतीच्या पोती लाकडाचा भुसा आणून ओतला. ओला, जुना भुसा. तो धुमसायला लागला आणि त्याचा वास आला... जाऊ दे. टोपीवाले म्हणाले, "माजी, आपका घर जल गया. जिसने जलाया, उसको बोलो. जो मन में आये." मी उभी राहिले आणि बोलले बाई काहीतरी. किती वेळ बोलले तेही आठवत नाही. थांबले तशा टोपीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि व्हिलनने स्वतः मला खुर्ची आणून दिली. फार चांगला पोरगा आहे, लग्नाचा आहे, तू बघतेस का?

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मी व्हिलनची आई झाले आणि तिथेच उभी राहून म्हणायचं होतं की माझ्या मुलाने काही केलं नाही. टोपीवाले वैतागले, म्हणाले, काल काय सुंदर रडलात, आज तोंडातून शब्द फुटत नाही. शेवटी आकडे मोजले.

एक विचारते, सहजच. ते चित्र पुढे कोण कोण बघतं? त्यात आवाज नसतोच ना? मग मी काय बोलले ते कुणाला कळायचं कारण नाही, बरोबर? टोपीवाल्यांना आणि व्हिलनला मराठी येत नाही, धावपळ्या धुराने खोकत होता. आपलं माहिती असावं म्हणून विचारलं.

दादाला बी.पी.ची गोळी वेळेवर दे.

आत्या

१९ एप्रिल

आत्या,

हे पत्र कसं सुरू करू तेच कळत नाही.

फिल्म आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी तू चष्म्याशिवाय, पाणी देतेस, हिरोच्या डोक्यावरून हात फिरवतेस. मी खोलीत एकटीच हसत होते, माझी आत्या बघा म्हणून. दुसऱ्या दिवशी आगीचा प्रसंग. कागदावर वाक्य आहे, "जिसने मेरा घर जलाया, भगवान उसे कभी माफ नहीं करेगा." मी बोलायला घेतलं, तर बसेना. तुझे ओठ कितीतरी जास्त हलतात. आमची पद्धत अशी की आधी आवाज न देता नुसते ओठ बघायचे, पाच वेळा, दहा वेळा, कुठे मिटतात ते पाठ होईपर्यंत. मी चाळीस वेळा बघितलं.

"दादा, मी जाळलं." मग तोंडावर हात. मग, "अण्णा, दादानं नाही. मी जाळलं. मी बघत बसले."

आत्या, बारा वर्षं मी ओठच बघते आहे. समोरचा कुठल्या भाषेत शिवी घालतोय हेही मला कळतं. पण त्या दिवशी माझा माझ्यावरच विश्वास बसेना. वाटलं, माझ्या डोक्यात बाबांची गोष्ट आहे म्हणून मला तसं दिसतंय. घरी येऊन आरशासमोर तीच वाक्यं म्हटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तसंच दिसलं. मग वाटलं, तू दादाच्या बाजूने बोलत असशील, बहीण म्हणून त्याचं पाप अंगावर घेत असशील. अशी नाटकं तू करू शकतेस. मग वाटलं, पण कुणी ऐकत नसताना कोण नाटक करतं?

मी काय समजू? तुला वाटलं आवाज नाही म्हणजे बोलणंही नाही. माझं कामच ते आहे गं, तुझ्या लक्षात कसं नाही आलं?

बाबांना काही सांगितलेलं नाही. "माइक खराब आहे" असं सांगून तो प्रसंग मी पुढे ढकलला आहे. लवकर लिही.

भोंगी

२६ एप्रिल

भोंगे,

तुला उद्योग नाही. वाट्टेल ते वाचत बसतेस.

टोपीवाल्यांनीच मला तसं बोलायला सांगितलं होतं, गोष्टीतच आहे ते. आणि मी बहुतेक आकडेच मोजत होते. शिवाय धूर एवढा होता की मला ठसका लागला होता, ठसक्यात तोंड कसंही होतं. दादाच्या जुन्या जखमेवर मीठ चोळू नकोस. शेळी व्यायलीय, दोन करडं आहेत, मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

आत्या

४ मे

आत्या,

एका गोष्टीची तीन कारणं दिलीस. गोष्टीत होतं, आकडे मोजले, ठसका लागला. एवढ्या गोंधळात तर तुमचा सिनेमाही नाही. करडांचं अभिनंदन.

आता जे झालं ते ऐक. रविवारी बाबा म्हणाले, "तुझी आत्या कशी दिसते ते दाखव ना." मी टाळलं. ते म्हणाले, "फाटकातून बघितली होती, तेव्हा ती पाठमोरी होती." मग काय करणार? घेऊन गेले. त्या गादीच्या खोलीत आम्ही दोघं दाटीने उभे राहिलो आणि मी तो प्रसंग लावला. त्यांना ओठ वाचता येत नाहीत. ते आधी म्हणाले, "म्हातारी झाली गं." मग तू तोंडावर हात नेलास आणि ते ढसाढसा रडायला लागले. म्हणाले, "बघ, अजून वखारीसाठी रडते आहे. मी काय करून बसलो! तिचं सगळं आयुष्य माझ्यामुळे जळलं."

मी शेजारी उभी होते. पडद्यावर तू म्हणत होतीस, मी जाळलं. कानाशी बाबा म्हणत होते, मी जाळलं. मला वाटलं मला वेड लागेल. कुणाचं खरं मानू? तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं, पण मी खरंच चुकीचं वाचलं असेल तर? एका माणसाला बत्तीस वर्षांनी सुटलास म्हणायचं आणि आठवड्याने, नाही रे, माझी चूक झाली? ते मला जमणार नाही.

म्हणून तुला विचारते. एकदाच, शेवटचं. मी चुकले असेन तर चुकलीस असं लिही, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण खरं असेल तर ते बाबांना तू सांगायचं. पन्नास आयांच्या तोंडी मी शब्द घातले, तुझ्या तोंडी घालणार नाही.

बाबांना झोप लागत नाहीये. तुझा फार राग येतोय आणि तुझी काळजीही वाटतेय.

भोंगी

१ जून

पोरी,

चार पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. हे पाचवं आहे. हे दादाच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, त्याचं त्याला वाचू दे.

तू बरोबर वाचलंस.

त्या दिवशी शाळेतून गुणपत्रिका मिळाली होती. मी दोन विषयांत नापास. अण्णा सगळ्या गावाला सांगून बसले होते की माझी मुलगी शिकून नर्स होणार. दुपारी वखारीत कुणी नव्हतं. पुढच्या दाराशी भुशाचा ढीग असायचा, त्याच्या आडोशाला बसून मी ती गुणपत्रिका पेटवली. राख झाल्यावर पायाने भुसा लोटून झाकली आणि वर दोनदा नाचले. मला वाटलं, विझली. भुसा आतून धुमसतो हे मला माहीत नव्हतं. वखारवाल्याच्या मुलीला, बघ!

संध्याकाळी धूर निघाला तो पुढच्या दाराशी निघाला. दादा मागच्या बाजूला, नळाजवळ सिगरेट ओढायचा. मला त्याच क्षणी कळलं. सगळे बादल्या घेऊन धावत होते आणि मी बघत बसले. मी बोलणार होते गं. देवाशप्पथ बोलणार होते. पण कुणी विचारायच्या आधीच दादा पुढे आला आणि म्हणाला, "अण्णा, माझी सिगरेट असेल." त्याला तसंच वाटलं. आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच. त्या रात्री वाटलं उद्या सांगू. सकाळी तो निघूनच गेला होता. मग वाटलं, परत आला की सांगू. मग अण्णा अंथरुणाला खिळले, म्हटलं आता सांगितलं तर ते जातीलच. मग ते गेले. पहिल्यांदा भीती होती, नंतर नुसती सवय झाली.

आणि लोकांनी काय म्हणावं? "मुलगा असा निघाला, पण मुलगी बघा, लग्न न करता बापाची सेवा करते!" तीस वर्षं मी ते ऐकून घेतलं. खाली मान घालून. त्यांना वाटायचं विनय आहे.

भुशाचा वास आला आणि बांध फुटला. आवाज घेत नाहीत म्हणून तर बोलले. कुणाला तरी सांगायचं होतं आणि कुणाला कळूही द्यायचं नव्हतं. दोन्ही कसं जमावं?

दादा, आता तुला सांगते. तुझी सिगरेट नव्हती. तू विझवली होतीस. हवी ती शिक्षा दे. माफ कर असं लिहायला माझा हात उचलत नाही.

आत्या

१२ जून

आत्या,

पत्र दिलं. बाबा खिडकीपाशी उभे राहून वाचत होते. मी विचारलं, "चहा ठेवू?" ते म्हणाले, "ठेव." चहा झाला तोवर ते हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेले होते. रविवार होता, कुठलीच लिफ्ट बंद नव्हती. दुपारी परत आले, जेवले, झोपले. आठवडा होत आला, माझ्याशी फक्त मीठ-भाजीपुरतं बोलतात. त्यांना बरं वाटतंय की वाईट, मला काहीच समजत नाही. तुला खोटा धीर कशाला देऊ?

आगीचा प्रसंग मी काल पूर्ण केला. कागदावरचंच हिंदी वाक्य बोलले. टोपीवाले म्हणाले, ओठ जुळत नाहीत, पण चालेल, लोक आगीकडे बघतात.

भोंगी

२१ जून

ठमे,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. अक्षर लागलं नाही तर शेजारच्यांना दाखवू नकोस, तसंच राहू दे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, सुटलो. खरं सांगतो, हातपाय हलके झाले. दुसऱ्यांदा वाचलं आणि तुझा असा राग आला की घरात बसवेना. रविवारी बंद इमारतीत जाऊन धडधाकट लिफ्ट खोलली आणि परत जोडली. तिसऱ्यांदा अण्णांचा राग आला. आग कुठून लागली ते त्यांनी बघितलंसुद्धा नाही, पोरगा म्हणाला आणि त्यांनी मान्य केलं. चौथ्यांदा मला हसू आलं. दोन विषयांसाठी? अगं, मी त्याच शाळेत तीन विषयांत गेलो होतो. मला सांगितलं असतंस तर अण्णांपुढे मी तुझ्या आधी उभा राहिलो असतो.

मग हसण्याचीही लाज वाटली. आई जाताना मी नव्हतो. अण्णांना मी खांदा दिला नाही. माझ्या पोरीला तिची आजी फोटोतही माहीत नाही. हे सगळं मी गुन्हेगार म्हणून सोसलं, तेव्हा सोसवलं. आता ते कशासाठी होतं तेच कळत नाही. गुन्हा माझा होता तोवर निदान हिशोब लागत होता.

शिक्षा दे म्हणतेस. मला कुणाला शिक्षा देता येत नाही, कधी दिली नाही. माफ केलं अशी एक ओळ लिहिली होती, ती खोटी वाटली म्हणून खोडली. वर दिसते आहे ती शाई तीच.

पोरगी म्हणते, तिने तुला बोलताना बघितलं. बघितलं तर मीही होतं, तिच्या शेजारी उभं राहून. मला काही कळलं नाही. आता कागदावर वाचलं, तरी पुरत नाही. मला ऐकायचं आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. माझ्यासमोर बस आणि पहिल्यापासून सांग, मोठ्याने. मध्ये मी ओरडलो तर थांबू नकोस.

दादा